मनोविकार-समाजकार्याची सनद : या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ या कायद्याचे ८९ वे कलम या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुणाने, कोणत्याही संस्थेची माहितीपुस्तिका मागविण्यापूर्वी, एकदा सावकाश वाचावे, असे मला मनापासून वाटते. तीव्र मनोविकारामुळे ज्याला आपल्या उपचारांविषयीचा निर्णय दुसऱ्याच्या भरीव आधारावाचून घेता येत नाही, अशा सज्ञान माणसास त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून तीस दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवता येते. परंतु त्यासाठी दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोन व्यक्तींनी त्याला स्वतंत्रपणे तपासून एकच निष्कर्ष काढलेला असावा लागतो. या दोघांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असतो. दुसरी व्यक्ती वैद्यक व्यावसायिक असू शकते, किंवा कायद्याने मान्य केलेली मानसिक आरोग्य व्यावसायिक असू शकते. नोंदणी झालेला मनोविकार-समाजकार्यकर्ता या दुसऱ्या वर्गात मोडतो. म्हणजे ज्या दिवशी तुमचे नाव राज्याच्या नोंदवहीत चढेल, त्या दिवसापासून एखाद्या माणसाच्या हिंडण्याफिरण्याच्या स्वातंत्र्यावर काही काळ मर्यादा घालणाऱ्या कागदावर तुमची सही असू शकेल. सनद मिळविण्याचा खटाटोप कशासाठी करावयाचा, आणि तो करताना घाई का करू नये, याचे उत्तर या एका तरतुदीत आहे.

समाजकार्याची पदवी घेतलेल्या कित्येकांची अशी समजूत असते की सहृदयता, बोलण्याची हातोटी आणि एखादा अल्पमुदतीचा समुपदेशन-वर्ग एवढ्या शिदोरीवर मनोविकारांच्या क्षेत्रात काम करता येते. सहृदयतेचे मोल मी कमी लेखीत नाही. तथापि कायद्याने मनोविकार-समाजकार्यकर्त्याची जी व्याख्या केली आहे ती निःसंदिग्ध आहे : समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आणि तिच्यावर मनोविकार-समाजकार्य या विषयातील एम. फिल.; ही एम. फिल. पूर्णवेळ, दोन वर्षांची, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शिक्षण देणारी, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या विद्यापीठाची असली पाहिजे. किंवा शासनाने नियमांद्वारे विहित केलेली तत्सम अर्हता असली पाहिजे. सहा आठवड्यांच्या अथवा सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने हा दर्जा प्राप्त होत नाही, मग ते प्रमाणपत्र कितीही सुंदर चौकटीत भिंतीवर लावलेले असो.

या व्यवसायाच्या उगमाशी आपल्या मुंबईचा संबंध आहे, आणि येथे शिकू पाहणाऱ्याने तो जाणून घ्यावा. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे अमेरिकन धर्मोपदेशक क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले, जे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने विख्यात झाले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी तेथे बालमार्गदर्शन केंद्र उघडण्यात आले. आणि १९४८ साली गौरी राणी बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य ही स्वतंत्र शाखा सुरू झाली. बंगळूरच्या संस्थेने, जी आज निमहान्स म्हणून ओळखली जाते, १९६८ मध्ये या विषयाची पदविका सुरू केली व १९७८ मध्ये तिचे एम. फिल.मध्ये रूपांतर केले. ‘बाई, रुग्णाच्या घरी कोण कोण असते ते जरा विचारून घ्या’ एवढ्यापुरते ज्यांना बोलावले जाई, त्यांना चिकित्सक-गटाच्या सभेत बरोबरीची खुर्ची मिळण्यास इतकी वर्षे लागली.

आता मार्गाविषयी. पहिली पायरी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीची. तिच्यासाठी पदवी समाजकार्याचीच असावी अशी सर्वत्र अट नसते. कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेचा पदवीधर बहुतेक ठिकाणी अर्ज करू शकतो. महाराष्ट्रात टाटा संस्थेखेरीज मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, नागपूरचे तिरपुडे महाविद्यालय अशी जुनी विद्यालये आहेत, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतूनही समाजकार्य महाविद्यालये चालतात. विद्यालयाचे नाव किती मोठे आहे यापेक्षा क्षेत्रकार्यासाठी तुम्हाला कोठे पाठविले जाईल, या प्रश्नाला मी अधिक महत्त्व देईन. दोन वर्षांतील एक तरी संपूर्ण सत्र मनोरुग्णालयात, सर्वसाधारण रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात घालविण्याची तजवीज होत नसेल, तर प्राचार्यांना भेटून ती मागून घ्यावी. ज्या विद्यार्थ्याने एम. फिल.च्या मुलाखतीपूर्वी मनोविकार कक्षाचा उंबरठा ओलांडलेला नसतो, त्याला मुलाखतीतही अवघड जाते आणि पुढे तर फारच.

दुसरी पायरी एम. फिल.ची, आणि येथे सध्या स्थित्यंतराचा काळ चालू असल्यामुळे अधिक सावधगिरी हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम. फिल. ही पदवी एकंदरीने बंद केली. पुढे चिकित्सा मानसशास्त्र व मनोविकार-समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत प्रवेश देण्याची मुभा ठेवण्यात आली. ज्यांनी ही पदवी रीतसर मिळविली आहे त्यांना चिंतेचे कारण नाही. नव्याने येणाऱ्याने मात्र प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडून लेखी खुलासा घ्यावा : या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता कोणत्या पत्रान्वये आहे, ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, आणि या अर्हतेवर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण नोंदणी करते काय? तोंडी आश्वासनावर विसंबून दोन वर्षे व घरच्यांची जमापुंजी खर्ची घालू नये. जी संस्था असा खुलासा देण्यास टाळाटाळ करते, तिच्याकडे पाठ फिरविण्यात काहीही नुकसान नाही.

बंगळूरचे निमहान्स, रांची येथील १९१८ पासूनची केंद्रीय मनोविकार संस्था, आसामातील तेजपूरची संस्था, दिल्लीचे इहबास ही या शिक्षणाची परिचित केंद्रे होत. मराठी मुलांनी घर सोडून इतक्या दूर जाण्याचे भय बाळगू नये. कन्नड वा संथाली बोलणाऱ्या रुग्णाचे पूर्ववृत्त दुभाष्याच्या मदतीने घेण्याचा सराव झालेल्या विद्यार्थ्याला पुढे ठाण्याच्या बाह्यरुग्ण विभागात भोजपुरी बोलणाऱ्या मजुराची कैफियत ऐकताना त्या सरावाचा फार उपयोग होतो.

तिसरी पायरी नोंदणीची. येथे एक गोंधळ वारंवार दिसतो. भारतीय पुनर्वास परिषद ही १९९२ च्या कायद्याखालील संस्था चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद ठेवते, म्हणून तीच आपलीही नोंद करील असे समजून काही विद्यार्थी तिकडे पत्रव्यवहार करीत बसतात. मनोविकार-समाजकार्यकर्त्याची मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंद २०१७ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने करावयाची असते, आणि अशा व्यावसायिकांची यादी प्रसिद्ध करणे हेही त्याच प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. याशिवाय २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांच्या गटात मनोविकार-समाजकार्यकर्त्याचा समावेश केला असून, त्या कायद्याखालील राज्य परिषदेच्या नोंदवहीकडेही लक्ष ठेवले पाहिजे.

अर्जाची कागदपत्रे दिसावयास साधी असली तरी अर्ज अडतात ते नावांवर. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, विद्यापीठाच्या गुणपत्रकावर वडिलांचे नाव संक्षिप्त, आधारपत्रावर लग्नानंतरचे नाव, आणि एम. फिल.च्या पदवीवर पुन्हा माहेरचे : अशा चार नावांची एकच व्यक्ती असल्याचे दप्तराला पटवून देण्यात कित्येक मुलींचे महिने जातात. नाव बदलावयाचे असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी आधीच करून घ्यावी, नसेल बदलावयाचे तर सर्वत्र एकच नाव ठेवावे. दुसरे असे की, देखरेखीखाली केलेल्या कामाचा तपशील, म्हणजे कोणत्या विभागात किती काळ, किती रुग्णांचे सविस्तर अभ्यास, मार्गदर्शक कोण, हा प्रत्येक पाळी संपताच विभागप्रमुखाच्या सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवावा. मार्गदर्शकाची बदली किंवा निवृत्ती झाल्यावर जुन्या कामाची खातरजमा करून घेणे अतिशय जिकिरीचे होते.

येथवरचे सर्व कोणीही चिकाटीने पार पाडू शकेल. खरे शिक्षण निराळे आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

मनोविकारतज्ज्ञ रुग्णाची लक्षणे पाहतो, मानसशास्त्रज्ञ त्याच्या चाचण्या घेतो, परिचारिका त्याची दिवसरात्र काळजी वाहते. परंतु हा माणूस कोठून आला, कोणाच्या घरातून निघाला, आणि बरा झाल्यावर कोणत्या घराच्या दारात उभा राहणार आहे, हे पाहण्याचा जिम्मा मनोविकार-समाजकार्यकर्त्याचा असतो. त्याचे मुख्य साधन म्हणजे सामाजिक पूर्ववृत्त. नवशिका विद्यार्थी ते छापील नमुन्यातील रकाने भरावेत तसे लिहितो : वडील शेतकरी, आई गृहिणी, भावंडे तीन, संबंध सौहार्दाचे. ‘संबंध सौहार्दाचे’ हे दोन शब्द माझ्यासमोर आले की मी तो कागद परत करतो. कारण कोणत्या गोष्टीवरून ते सौहार्द अनुमानिले हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. घरात पहिल्यांदा विचित्र वाटले ते कोणाला, त्या वेळी ते काय म्हणाले, आधी कोणाकडे नेले, देवऋष्याकडे गेले असल्यास त्याने काय सांगितले, पैसे कोणी दिले, रात्री रुग्णाजवळ कोण निजते, त्याचे ताट कोण वाढते : असे प्रश्न विचारले म्हणजे घर दिसू लागते. देवऋष्याचे नाव निघताच चेहऱ्यावर तुच्छता उमटू देऊ नये. ती उमटली की घरची माणसे पुढचे सांगत नाहीत. मात्र बाधा उतरविण्याच्या नावाखाली मारहाण किंवा साखळीने बांधणे चालू असल्याचे कळले, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरतो, हे शांतपणे पण स्पष्ट शब्दांत सांगणे हेही आपले काम आहे.

रुग्णालयातील खोलीत बसून जे कळत नाही ते गृहभेटीत कळते. कोकणातल्या एका घरी मी एका विद्यार्थिनीसमवेत गेलो होतो. तरुण दोन वर्षांत तिसऱ्यांदा दाखल झाला होता, आणि ‘औषधे नियमित देतो’ असे घरच्यांनी प्रत्येक वेळी सांगितले होते. त्याच्या वहिनींनी चहा ठेवला. विद्यार्थिनी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून त्यांच्याशी भातलावणीच्या गोष्टी बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिचे लक्ष चुलीवरच्या फळीकडे गेले. तेथे मिठाच्या बरणीशेजारी गोळ्यांची तीन पाकिटे होती, तिन्ही अर्धवट रिकामी आणि तिन्ही निरनिराळ्या महिन्यांची. तिने काही विचारले नाही. तिची नजर पाहून वहिनीच म्हणाल्या, ‘‘देतो की हो गोळी. पण चार दिवस शहाण्यासारखा वागला, म्हणजे उगाच कशाला त्याच्या पोटात विष?’’ त्या एका वाक्यात निष्काळजीपणा नव्हता, दिराविषयीची माया होती. आणि ‘औषधास नकार’ अशी जी नोंद रुग्णाच्या नावे कागदोपत्री होत आली होती ती चुकीची होती. पुढील दोन भेटींत विद्यार्थिनीने औषध कशासाठी, किती काळ, बरे वाटले तरी का, हे त्यांना समजावून दिले. आणि मुख्य म्हणजे तोंडाला येणारा कोरडेपणा व अंगाला येणारा कंप यांविषयी डॉक्टरांना सांगता येते, त्यासाठी गोळी बंद करावी लागत नाही, हे सांगितले. अंगण मात्र आम्ही शेवटी पाहिले, आणि तेथे रुग्णाची थाळी व पेला घरातील भांड्यांपासून वेगळे ठेवलेले दिसले. त्याविषयी बोलण्यास आणखी कितीतरी भेटी लागल्या.

घरातील वातावरणाचा आजाराच्या उलटण्याशी संबंध असतो हे अनुभवाचे शहाणपण म्हणून सोडून देऊ नये, त्याचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की सतत टीका, तिटकारा किंवा गुदमरविणारी अतिकाळजी असलेल्या घरांत परतलेल्या छिन्नमनस्कतेच्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उलटतो. चंदीगड येथे एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासात भारतीय कुटुंबांमध्ये अशा तीव्र भावनाप्रदर्शनाचे प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळले. कुटुंबावर पडणारा भार मोजण्यासाठी पै आणि कपूर यांनी १९८१ मध्ये तयार केलेली मुलाखत-सूची आजही आपल्याकडे वापरली जाते. विद्यार्थ्याने ही साधने शिकावीत. परंतु सूचीतील ‘आर्थिक भार’ या रकान्यात गुण टाकताना, मुलाच्या आजारपणात गहाण पडलेल्या बैलजोडीचा उल्लेख आईने कोणत्या स्वरात केला तेही लिहून ठेवावे.

सरकारी कचेऱ्यांची ओळख हा या शिक्षणाचा एक मोठा भाग आहे, आणि विद्यापीठे त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मनोविकाराचा समावेश आहे; ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले की सवलतींची दारे उघडतात. हे प्रमाण ठरविण्यासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन, आणि काम, अशी चार अंगे पाहिली जातात. त्यांविषयीची खरी माहिती बहुधा समाजकार्यकर्त्याच्या अहवालातूनच मंडळापुढे येते. निराधार रुग्णासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलदार कचेरीत करावा लागतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, त्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जावे लागते. यांतील प्रत्येक खेप रुग्णाच्या वृद्ध आईने एकटीने केली तर तिची मजुरी बुडते, हे ध्यानात ठेवून कागदांची यादी तिला मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी आणि एकदा तरी तिच्यासोबत जावे. वारसनोंदीतून आजारी भावाचे नाव वगळले गेल्याचेही अशा वेळी सातबाऱ्यावरून ध्यानात येते. तेव्हा स्वतः भांडावयास न उठता प्रकरण विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे, तेथे विनामूल्य साहाय्य मिळते.

वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेल्यांचे प्रश्न तर आणखी निराळे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या १९ व्या कलमाने प्रत्येक मनोरुग्णास समाजात राहण्याचा अधिकार दिला आहे, आणि कुटुंबाने स्वीकारले नाही किंवा घर नाही एवढ्याच कारणास्तव त्याला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. तथापि कायद्याने अधिकार दिला म्हणजे पत्ता सापडतो असे नाही. एखादी वृद्ध स्त्री गावाचे नाव सांगत नाही, पण एसटीच्या थांब्याजवळ वडाखाली कोणता देव आहे ते सांगते. कोणी सासरचे नाव विसरलेली असते पण शाळेतल्या बाईंचे नाव तिला आठवते. त्या धाग्यावरून तालुका ओळखावयाचा, पोलीस पाटलाला विचारावयाचे, जुन्या हजेरीपटात नाव शोधावयाचे, आणि घर सापडले की तडकाफडकी रुग्ण घेऊन न जाता आधी घरच्यांना भेटावयाचे, हे काम सोसणे आणि करणे ज्याला जमेल त्याला या व्यवसायात कधीही रितेपणा वाटणार नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचविण्याच्या कार्याबद्दल कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला; त्या संस्थेच्या कामात पत्ता शोधणाऱ्या आणि सोबत जाणाऱ्या समाजकार्यकर्त्यांचा वाटा किती आहे ते विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन पाहावे.

कायद्याचे ज्ञान या सर्वांच्या मुळाशी हवे. रुग्णाने आधीच लिहून ठेवलेले उपचारविषयक निर्देश, त्याने नेमलेला प्रतिनिधी, माहिती गुप्त राखण्याचा त्याचा हक्क, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागण्याची त्याची सोय, ही सर्व रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे तुमच्या कर्तव्यात येते. त्याच अधिनियमाचे १०६ वे कलम असे बजावते की कोणत्याही मानसिक आरोग्य व्यावसायिकाने आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरचे औषध वा उपचार सुचवू नयेत. म्हणून शेजाऱ्यांनी ‘झोपेची गोळी कोणती चांगली?’ असे विचारले तरी उत्तर देऊ नये. आणि ज्यांना कायद्याच्या या बारकाव्यांचा कंटाळा येतो त्यांनी ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे लागलेली आग आठवावी. साखळदंडांनी बांधलेली पंचवीसहून अधिक माणसे तीत होरपळून मेली, कारण त्यांना पळता आले नाही. आजच्या कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. ज्या ठिकाणी तुम्ही कामाला जाल तेथे पहिल्याच आठवड्यात कक्षांना रात्री कुलूप कोण लावतो व किल्ली कोठे असते, हे विचारून घ्या.

नोकऱ्यांविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. शासकीय जाहिरातींत या पदाचे नाव बहुधा समाजसेवा अधीक्षक, कंसात मनोविकृती, असे असते, म्हणून केवळ इंग्रजी नावाने शोध घेणाऱ्यांच्या नजरेतून जाहिरात निसटते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात हे पद असते. वैद्यकीय महाविद्यालये, गोव्यात बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था, पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रे, ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, आणि १४४१६ या क्रमांकावरील टेलिमानस सेवा येथेही अशा शिक्षणाचा उपयोग होतो. जिल्हा कार्यक्रमातील पदे पुष्कळदा कंत्राटी असतात. रुजू होण्यापूर्वी मुदत, रजा आणि दौऱ्याच्या खर्चाची तजवीज लेखी पाहून घ्यावी. गृहभेटीचा प्रवासखर्च मिळत नसेल तर गृहभेटी हळूहळू थांबतात, आणि कामाचा गाभाच नाहीसा होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले होते, आणि निरनिराळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचारांपासून वंचित होते. तेव्हा कामाची वाण पडेल ही भीती कोणी बाळगू नये. वाण आहे ती मंजूर पदांची, आणि ती वाढावीत म्हणून व्यावसायिकांनी संघटितपणे मागणी केली पाहिजे.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की येथील नोंदणी तेथे आपोआप चालत नाही. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्य देते, पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखाली कामाचे काही हजार तास आणि लेखी परीक्षा अशी तेथील रीत आहे. इंग्लंडमध्ये नोंदणी ‘सोशल वर्क इंग्लंड’ या संस्थेकडे असते. म्हणूनच क्षेत्रकार्याच्या तासांचा सहीशिक्क्याचा तपशील जपून ठेवण्याविषयी मी वर लिहिले ते विसरू नये.

एक गोष्ट राहिली. पदवी, सनद आणि नेमणूक हाती आली तरी पहिली काही वर्षे एकट्याने काम करू नये. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणारी मुलगी, मारहाणीच्या खुणा लपविणारी पत्नी, बरा झाल्यावरही ज्याला घरी कोणी न्यावयास येत नाही असा बाप, यांच्याशी बोलून घरी परतलेल्या तरुण कार्यकर्त्याला झोप लागत नाही, आणि ते अशक्तपणाचे लक्षण नव्हे. त्याला आपल्या नोंदी घेऊन ठरलेल्या वारी एखाद्या ज्येष्ठाजवळ बसता आले पाहिजे. आपण काय पाहिले, काय सुटले, कोठे रागावलो, कोठे घाबरलो, हे मोकळेपणाने सांगता आले पाहिजे. म्हणून मुलाखतीच्या अखेरीस ‘तुम्हाला काही विचारावयाचे आहे का?’ असे विचारले गेले, तर पगाराच्या आधी हे विचारावे : माझ्या कामावर देखरेख कोण करील, आठवड्यातून किती वेळ देईल, आणि तो वेळ कामाच्या तासांत धरला जाईल काय? उत्तर लिहून घ्यावे, आणि शक्य असेल तर ज्या ज्येष्ठाचे नाव सांगितले जाईल त्यांना त्याच दिवशी भेटून यावे.